मॉस्कोचं मडकं

रशियाचं राजकारण मला पुस्तकांनी नंतर शिकवलं. आधी शिकवलं ते माझ्या चुलतभावानं, आणि त्या पठ्ठ्याला नकाशावर रशिया दाखवता आला नसता.

एक्याऐंशी साली वडील गेले. घरात आई आणि मी, भाऊ नाही. अंत्ययात्रेत विस्तवाचं मडकं घेऊन जो पुढं चालतो तो वारस, हे आमच्या वडीगोद्रीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुली मडकं धरत नाहीत, म्हणून ते चुलतभावानं धरलं. तेराव्याला त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि पेरणीला त्याची तिफण आमच्या शेतात. विचारायला गेले तर म्हणतो कसा, "मडकं कोणी धरलं? मी ना? मंग?"

कायदा मला माहीत होता. आईलाही सांगितला. आई म्हणाली, "कायदा बांधावर येऊन उभा राह्यतो का गं?" ज्वारीसाठी त्याच्या दारात उभं राहताना तिची मान खाली जायची आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. नोकरी मिळवायची आणि आईला त्या दारातून उचलायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी औरंगाबादला राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. ब्याऐंशीच्या दिवाळीच्या तोंडावर घरी आले आणि रशियाचे सर्वेसर्वा वारल्याची बातमी आली. आता पुढं कोण, यावर जगातले विद्वान डोकं खाजवत होते. रेडिओवर मात्र एक ओळ येऊन गेली: अंत्यविधीची समिती नेमली, तिचा प्रमुख अमुक. मी भाकरी थापणाऱ्या आईला म्हटलं, "हाच बसणार गादीवर."

"तुला कसं ठावं?"

"मडकं त्याच्याच हातात दिलंय."

झालंही तसंच. आईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! तिथं बी भाऊबंदकी?"

होती तर! रशियाची फौज तेव्हा अफगाणिस्तानात अडकून पडली होती. पोरांची प्रेतं बंद पेट्यांतून गुपचूप घरी येत होती. आणि वर मॉस्कोत दहा-बारा म्हातारे एकमेकांवर डोळा ठेवून बसलेले. निवड मात्र कायम बिनविरोध. आपल्याकडं सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली की पेढे वाटतात, पण ज्याला गाव कळतं त्याला कळतं की भांडण झालंय, फक्त दार लावून झालंय.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत मला घनसावंगीकडच्या एका कॉलेजातून मुलाखतीला बोलावणं आलं. तेवढ्यात तिकडं गादीवरचा तो नवा माणूसही वारला. मुलाखतीला आम्ही तिघं होतो. एक उमेदवार संस्थाध्यक्षांच्या मुलाच्या जीपमधून उतरला, दुसरा त्यांच्या पुतण्याच्या जीपमधून. मी एस.टी.तून. म्हटलं, बाई, चहा पी आणि परत जा.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. थकलेले होते, खोकत होते. उजवीकडं मुलगा, डावीकडं पुतण्या, आणि दोघं एकमेकांकडं बघतही नव्हते. आबांना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून आम्हा तिघांना एकदमच आत घेतलं. आबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र पुढं सरकवलं आणि विचारलं, "रशियात आता कोण येईल?"

मुलाचा उमेदवार म्हणाला, "शेतीखातं बघणारा तो तरुण. आता नव्या रक्ताची गरज आहे." मुलानं मान डोलावली. पुतण्याचा उमेदवार म्हणाला, "लढाई चालू आहे साहेब. फौज ज्याच्या हातात, गादी त्याची." पुतण्यानं मिशीवरून हात फिरवला.

माझी पाळी आली. म्हटलं होऊन जाऊ दे. "दोघंही न्हाई येणार, आबा. तो आजारी म्हातारा येईल. अंत्यविधीची समिती त्याच्याकडं आहे, म्हणजे मडकं त्याच्याकडं आहे."

"आजारी माणूस? ऐन लढाईत?"

"लढाई आहे म्हणूनच. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरचं भांडण आत्ता चव्हाट्यावर आणणं कुणालाच परवडत न्हाई. दोन दांडगे एकमेकाला चालत न्हाईत, मंग दोघांनाही ज्याची भीती वाटत न्हाई असा एक माणूस मधी बसवतात."

आबांनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. मुलगा हसला, "बाई तर कुंडलीच मांडायल्या!" पुतण्याही हसला. दोघं एकाच गोष्टीला हसले ते बहुतेक पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी रेडिओनं सांगितलं, तोच म्हातारा आला. बिनविरोध. मी अंगणात टाळ्या वाजवल्या. शेजारीण विचारते, "लॉटरी लागली का?"

लागलीच होती. त्या आठवड्यात आबांनी परत बोलावलं, नेमणुकीचा कागद स्वतः हातात दिला आणि म्हणाले, "खरं सांगू का बाई? याला त्याचा माणूस नको, त्याला याचा नको. तुम्ही कोणाच्याच न्हाई, म्हणून दोघांनाही चालल्या."

"म्हणजे मॉस्कोचा तो म्हातारा मीच की, आबा!"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "तो काय जास्त दिवस टिकत न्हाई. तुम्ही मात्र जल्दी जाऊ नका."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो मी मिटक्या मारत घेतला. मला निरुपद्रवी समजून बसवलं होतं, समजू देत! मॉस्कोचा म्हातारा तेरा महिन्यांत गेला. मी सेवानिवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीवरून हलले नाही.

आईला सांगितलं, तिकडं म्हातारे मेले म्हणून मला नोकरी लागली. आई म्हणाली, "मंग त्यांचं सुतक पाळाया पायजे." आणि पोट धरून हसली. त्याच महिन्यात तिला घेऊन मी घनसावंगीला बिऱ्हाड केलं. चुलतभावाच्या दारात ती पुन्हा उभी राहिली नाही.

पुढं आबा गेले. मडकं मुलानं धरलं आणि सगळा स्टाफ मुलाच्या मागं गर्दी करून उभा. मी बघत होते, लाकडं कुणी आणली, शोकसभेत आधी कोण बोलणार हे कोण ठरवतंय, पाहुण्यांच्या गाड्या कुणाच्या सांगण्यावरून लागतायत. सगळं पुतण्या करत होता. वर्षाच्या आत संस्था पुतण्याकडं आली, अर्थात बिनविरोध. मॉस्कोवाल्यांचा नियम आमच्या गावच्या नियमाला भारी पडला. मडकं धरणाऱ्यापेक्षा अंत्यविधीचं सगळं ठरवणारा मोठा, हे मी तिथं पक्कं शिकले.

दोन हजार सालानंतर आई थकली. एका दुपारी म्हणाली, "माझं मडकं तू धरायचं. तुझ्या चुलतभावाला हात लावू देऊ नको." मी हो म्हटलं.

ती गेली त्या सकाळी मी रडत बसले नाही. बांबू सांगितले, गोवऱ्या सांगितल्या, कुणी खांदा द्यायचा, कुणासाठी थांबायचं, कुणासाठी नाही, सगळं मी ठरवलं. वडीगोद्रीहून भावकी येत गेली आणि मला विचारत गेली. शेवटी चुलतभाऊ आला, खांद्यावर टॉवेल टाकून. सरळ पुढं झाला आणि हात लांब केला. "आण इकडं मडकं."

मडकं माझ्या हातात होतं. आत विस्तव घातलेला होता.

"बायांनी कुठं धरलंय का?" तो म्हणाला.

"ह्या बाईनं धरलंय. चला, उशीर होतोय."

त्यानं भावकीकडं बघितलं. सकाळपासून मलाच विचारून कामं करणारी भावकी तिरडी उचलायला वाकली होती. मग मला रडू फुटलं, आईसाठी, आणि मी रडत रडत पुढं चालू लागले. तो मागून आला.