ताईचा आवाज

त्याला सगळे मानडोल्या म्हणत, आणि कुणी तोंडावर म्हटलं तरी तो मान डोलावूनच ऐकून घेई. बायको तर चारचौघांत सांगायची, "लग्नाचं मीच विचारलं. यांनी मान हलवली. ती होकाराची होती की डास चावला म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही."

असा माणूस नोकरीला कुठे, तर अॅम्ब्युलन्स मागवायच्या फोनवर. लांबलचक हॉल, ओळीने खुर्च्या, कानाला हेडफोन, टेबलांवर चहाच्या कपांचे गोल डाग. पूर्वी गाडी आधी कुणाकडे पाठवायची ते फोन घेणाराच ठरवी. मग यंत्र आलं. ते बोलणाऱ्याचे शब्द ऐकतं, आवाज ऐकतं आणि पडद्यावर रंग दाखवतं. लाल म्हणजे आत्ता निघा, पिवळा म्हणजे थांबलं तरी चालेल. शेवटचा निर्णय माणसाचाच, असं साहेब पहिल्या दिवशी छाती फुगवून म्हणाले होते.

आता गंमत बघा. 'मान्य' दाबलं की काम संपलं. 'अमान्य' दाबलं की साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहायचं: का दाबलंस, तू काय डॉक्टर लागून गेलास? बघता बघता अख्खा हॉल मान्य दाबायला शिकला. मानडोल्याला तर शिकावंही लागलं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने एकदा स्वतःच्या मावससासूसाठी पिवळ्याचा लाल केला, आणि मावससासूला निघालं अपचन. तेव्हापासून त्या बाईचं नावच अपचन पडलं. हाका मारणाऱ्यांत मानडोल्याही होता.

एका दुपारी फोन आला.

"हॅलो, आमच्या ह्यांच्या छातीत जरा जड वाटतंय. खुर्चीत बसवलंय. गाडी मिळेल का?"

ही त्याची थोरली बहीण. आजारी आईच्या उशाशी बसून वाढलेली. आवाज चढवायचा नाही हे अंगात मुरलेलं. घराला आग लागली तरी 'जरा धूर येतोय' म्हणेल.

"ताई, मी बोलतोय."

"तू आहेस होय? मग काळजी नाही."

पडदा पिवळा झाला.

ताईचं 'जरा' केवढं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बोट अमान्यकडे गेलंही. पण उद्या हॉलमध्ये काय म्हणतील? आणि बहीण आहे म्हणून तिला पुढे काढायचं, हे बरं दिसतं का? त्याने मान्य दाबलं. आपण वशिला लावला नाही याचं त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

गाडी पोचली तेव्हा भावजी खुर्चीतच गेलेले होते.

चौकशी झाली. यंत्र बनवणारा उंची कोट घालून आला आणि म्हणाला, यंत्र फक्त सुचवतं. साहेब म्हणाले, आमच्या माणसाने सुचवल्याप्रमाणेच केलं. मानडोल्या म्हणाला, "मला कळत होतं. तरी मी मान्य दाबलं." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धक्का बसलाय तुला. थोडी सुट्टी घे." शेवटी निष्कर्ष निघाला तो असा: फोन करणाऱ्या व्यक्तीच्या आवाजात पुरेशी निकड नव्हती.

असल्या बातम्या पोचवायला निघालेली माणसं पायात चपलाही घालत नाहीत. ताईला हा निष्कर्ष त्याच संध्याकाळी कळला. तो गेला तेव्हा ती पलंगावर भावजींचे शर्ट काढून घड्या घालत बसली होती.

"मी ओरडले असते तर गाडी वेळेत आली असती ना रे?"

"ताई, ते माझ्या हातात होतं. बटण मी दाबलं. मला बोल. थोबाडीत मार."

"तू काय करणार? यंत्राने सांगितलं, तू केलंस."

"मला माहीत होतं, ताई. तुझा आवाज ऐकूनच कळलं होतं."

घडी घालणारे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढा वेळ तिने त्याच्याकडे कधी बघितलं नसेल.

"हे पुन्हा बोलू नकोस," ती म्हणाली. "ह्यांच्यामागे मला तूच आहेस. तुझ्यावर रागावले तर मी बोलायचं कुणाशी?"

त्याने मान डोलावली.

"मीच ओरडायला हवं होतं." तिने बाही सरळ केली, पुढचा शर्ट उचलला आणि त्याच हळू आवाजात म्हणाली, "ह्यातला एखादा तुला होतो का बघ."