दादा किती वेळ जिवंत होता

दादाचं विमान ढगात डोंगराला धडकलं, त्याच्या चौकशीचं पत्र इंग्रजीत आलं. घरात इंग्रजी शाळेत गेलेली आम्ही दोघंच, दादा आणि मी, त्यामुळे ते आईला वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. विमान दोन आसनांचं, सरावाचं. दादा त्यात एकटा होता. कन्नड गावाच्या पलीकडे ढग खाली उतरले असताना तो मागे वळला नाही, असं त्यात होतं. शेवटी, धडकेसरशी मृत्यू आला असावा, असं होतं. मी 'असावा' गाळलं आणि आईला म्हणाले, "त्याला काही कळलंसुद्धा नाही."

दादाचा देह बंद पेटीत आला होता. उघडू नका, असं बजावलं होतं. त्यामुळे तोंडात पाणी घालायचं राहून गेलं. "माझ्या लेकराच्या तोंडात थेंब नाय पडला," आई भाजी निवडताना म्हणायची, दळण डब्यात ओतताना म्हणायची. बाबा वैजापूरला शेतावर असत. ऐकायला मीच होते, आणि मी काही बोलत नसे.

महिन्याभरानंतर एका दुपारी पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या फाटकाशी एक माणूस आला. डोक्याला पटका, पायांत चिखलानं कडक झालेल्या वहाणा. आई आत झोपली होती. वर्गणी मागायला आला असेल असं समजून मी कडी न काढताच विचारलं, "काय पाहिजे?"

"इमानवाल्या पोराचं घर हेच का, ताई?"

मी मान डोलावली.

"मी मेंढरं चारत व्हतो तिथं. सकाळीच आवाज झाला. ढगात हातभरावरचं दिसंना. हुडकत गेलो तर पोरगं बाहेर पडलेलं. जित्तं व्हतं."

मी फाटकाची सळई धरली. ती उन्हानं तापली होती.

"पाणी म्हनला. माझ्या बाटलीतलं दोन घोट पाजलं. गारठला व्हता, घोंगडी टाकली अंगावर. मग माणसं आनाया गावाकडं निघालो आन् ढगात वाटच चुकलो. लोकं घेऊन आलो तवर दिवस कलला व्हता. गेलेला व्हता त्यो."

"पोलिसांना हे सांगितलं नाहीत?"

"मेलेलाच दिसला म्हनलं. जित्ता म्हनलं असतं तर इचारलं असतं, मग सोडून कामून गेलास?" त्यानं पटका सारखा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझं चुकलं का, ताई?"

"बरं," मी म्हणाले. तो वळून चौकाकडे चालू लागला.

संध्याकाळी लसूण सोलताना आई पुन्हा तेच म्हणाली. या वेळी मी म्हणाले, "पडलं होतं पाणी."

तो माणूस, पाणी, घोंगडी, सगळं सांगून टाकलं. फक्त तो माणसं आणायला गेला ते आणि वेळेचं सांगितलं नाही.

"म्हणजे जिवंत होता?"

"हो."

"किती वेळ?"

"घोटापुरता."

आईनं हातातली पाकळी खाली ठेवली. "एवढ्यातच गेला, तर घोंगडी कशाला टाकली त्यानं?"

मी साली गोळा करू लागले.

"चहा तरी दिलास का त्या माणसाला?"

"नाही."

"आत तरी घेतलंस?"

"नाही."

"उद्या त्याच्याकडं जायचं," आई म्हणाली.

सकाळी आम्ही कन्नडची एसटी धरली आणि तिथून रिक्षानं घाटाच्या तोंडापर्यंत गेलो. वाटभर मी एकच मनात धरून होते, तो भेटू नये. तिथल्या टपरीवाल्याला आईनं मेंढरांचं विचारलं.

"आज पहाटेच घाट उतरले. खानदेशात गेले."

"पत्ता?"

"मेंढक्याचा कसला पत्ता, मावशी! जिथं चारा तिथं त्याचं गाव."

टपरीवाला हसला. मग आईचा चेहरा बघून त्यानं न सांगताच दोन चहा ठेवले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्याची लाज वाटावी इतपतही मला तेव्हा कळत नव्हतं.

आई बाकावर बसली. समोरचा डोंगर अर्ध्याच्या वर ढगामुळे दिसत नव्हता.

"आता तू सांग," ती म्हणाली. "तो भेटला असता तर त्यानं काय सांगितलं असतं?"

मी कपाकडे बघत म्हणाले, "विमान सकाळी पडलं. तो लोकांना घेऊन आला तेव्हा दिवस कलला होता. मधे कधी गेला, ते कुणालाच माहीत नाही."

"आणि मधे जवळ कोण होतं?"

"कुणी नाही."

आईनं पदर तोंडावर घेतला. तिचा चहा तसाच राहिला. टपरीवाल्यानं तो उचलून नेला नाही.