रेडिओवर न घेतलेलं नाव

हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगते, कारण — कारण आता पोटात मावत नाही.

परवा नातीजवळ बसले होते. सकाळी तिचा शाळेचा वर्ग स्क्रीनवर भरतो. छोट्या छोट्या चौकोनांत पोरांची डोकी, आणि बाई आपल्या बोलत सुटलेल्या. नात खोडरबर कुरतडत बसते. संध्याकाळी त्याच स्क्रीनवर शिकवणीची ताई येते, तिच्या एकटीसाठी. ती मध्येच थांबून म्हणाली, "नाही ना कळलं?" मी उठून स्वयंपाकघरात गेले. रडू आवरेना. या वयात कोणाला काय सांगणार?

सातवीत होते मी. सत्तरच्या आसपासची गोष्ट. इतवारीच्या बाजारात वडिलांचं भांड्यांचं दुकान, मागे आमचं घर. दुकानाच्या माळ्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. कित्येक महिने खाटेवर. तेव्हा रेडिओवर शाळेच्या मुलांसाठी पाठ लागत. बाबांनी रेडिओ उशाशी आणून ठेवला. फार गोड आवाज होता त्यातल्या बाईंचा. "आता विचार करा बरं, मुलांनो," म्हणायच्या, आणि मी विचार करेपर्यंत पुढे निघून जायच्या. त्यांना मी कुठे दिसत होते?

कुसुमला दिसायचे. कुसुम माझ्या वर्गातली. शाळा सुटली की आमच्या मागच्या ओट्यावर, खिडकीशी येऊन बसायची. आत नाही — तिचं घर बौद्ध झालेलं, आणि आमच्या घरात जुना विटाळ अजून मुक्कामाला होता. आईने तिला कधी आत ये म्हटलं नाही. मीही हट्ट धरला नाही. बाहेरूनच ती खिडकीच्या गजांना दोरे बांधून अपूर्णांक शिकवायची. आठ गज, त्यातल्या तीन गजांना लाल दोरा. मी उगाच हो-हो केलं की दोरा हातात तसाच धरून म्हणायची, "मान काहून हलवून राहिली वं? समजलं कुठं तुले?" मग सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. त्या संध्याकाळची मी दिवसभर वाट पाहायचे.

हाड जुळलं, परीक्षेला बसले आणि गणितात पहिली आले. खाटेवर पडून शिकलेली मुलगी म्हणून रेडिओच्या मुलांच्या कार्यक्रमात बोलावणं आलं. तुझं नाव घेणार, असं मी कुसुमला कबूल केलं. ती लाजली, आणि मग म्हणाली, "माह्या बाबाचं नावबी घेजो."

रेडिओ केंद्रावर रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, घरी कोण शिकवायचं? आई काचेपलीकडे उभी होती. मी म्हणाले — कोणी नाही. रेडिओ ऐकून एकटीच शिकले. त्यांनी माझी पाठ थोपटली.

आईच्या धाकाने जीभ अडली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. बाहेर पडल्यावर आईनेच विचारलं, "कुसुमचं नाव काहून नाही घेतलं वं? मी तं वाट पाहून राहिली होती."

मग का नाही घेतलं? कौतुकात मला वाटेकरी नको होता. एवढंच. दुसरं काही नाही.

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. कार्यक्रम रविवारी लागायचा होता. त्याआधी कुसुम खिडकीशी आली. "घेतलं नं?" मी तिच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले.

सोमवारी शाळेत तिने फक्त विचारलं, "पाय बरा हाये नं आता?" आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. खिडकीशी परत कधी आली नाही. मला तिच्या घरी जाता आलं असतं. पाय चालत होते. गेले नाही. आज मात्र दिवेलागणीला जीव तिच्यासाठी तुटतो. माझ्याकडे तसं बघणारं पुन्हा कोणी भेटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तिची धाकटी बहीण बाजारात भेटली, तिच्याकडून कळलं. त्या रविवारी कुसुमने कोणाचा तरी रेडिओ मागून आणला होता आणि अख्खी गल्ली अंगणात जमवली होती. कार्यक्रम संपला, बातम्या लागल्या, तरी तिचे बाबा कोणाला उठू देईनात. "थांबा," म्हणत होते, "पोरीचं नाव येतेच आता."