सात नंबरचा शिक्का आणि माझी दहा मिनिटं

मला राग आला की चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं एक चक्कर जास्त मारतात. कुणाला हे खोटं वाटत असेल तर त्यानं आमच्या कंपनीत येऊन डिस्पॅचच्या टेबलाशी पाच मिनिटं बसून दाखवावं. मी मूळचा पिशोरचा. आमच्या घरात हळू बोलणाऱ्या माणसाला आजारी समजतात आणि त्याच्यासाठी पेज टाकतात. वडील शेताच्या बांधावरून हाक मारायचे तर कन्नडच्या एसटी स्टँडवरची माणसं मागं वळून बघायची. तो आवाज वारसानं माझ्याकडं आला आणि नोकरी मिळाली ती अशी, की आवाजाचा उपयोग शून्य. सगळा कारभार मेलवर. मग आवाज घशातून बोटांत उतरला.

आमची कंपनी पत्रा दाबून मोटारसायकलच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट बनवते. माल तयार झाला की तपासणीला जातो, तपासून झाला की माझ्याकडं येतो, आणि मी तो ट्रकमध्ये चढवतो. ट्रक वेळेवर येत नाही. एकदा सकाळी नऊचा ट्रक दुपारी चारला आला, आणि वर ट्रान्सपोर्टवाल्यानं मेल केला की गाडी नऊपासून तुमच्या गेटवर उभी होती. मी उत्तर लिहिलं: “तुमच्या गाडीपेक्षा माझ्या आजोबांची बैलगाडी लवकर पोचली असती, आणि बैल निदान खोटं तरी बोलले नसते.” पुढं अजून अठरा ओळी होत्या, त्या इथं छापण्यासारख्या नाहीत. दिला पाठवून. खाली सीसीमध्ये आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे खरेदीप्रमुख बसलेले होते, हे मला त्यांच्या उत्तरावरून कळलं. उत्तरात एकच ओळ होती: “बैल कुठल्या जातीचे?”

ते हसले. आमचे प्लांटचे साहेब हसले नाहीत. मला ताकीदपत्र मिळालं. तेसुद्धा साहेबांनी स्वतः लिहिलं नव्हतं, एचआरच्या बाईंकडून लिहून घेतलं होतं. साहेब स्वतःच्या हातानं कधीच काही लिहीत नसत. हे लक्षात असू द्या.

त्या दिवशी आपा माझ्या टेबलाशी आल्या. आपा म्हणजे आमच्या तपासणी विभागातल्या सगळ्यात जुन्या इन्स्पेक्टर. राहायला जुन्या शहरात. घरी उर्दू, कामावर मराठी, आणि फार रागावल्या तर दोन्ही बंद, नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. आमच्याकडं प्रत्येक इन्स्पेक्टरला स्वतःच्या नंबराचा रबरी शिक्का मिळतो. आपांचा सात. माल चांगला असेल तर हिरव्या टॅगवर सात, खराब असेल तर लाल टॅगवर सात. लाल टॅग लागलेली पेटी जागची हलत नाही, मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव गेटवर ट्रक घेऊन उभा राहिला तरी. गिऱ्हाइकाची माणसंसुद्धा पेटी उघडायच्या आधी टॅगवर सात आहे का ते बघायची आणि असला तर पेटी उघडायचीच नाहीत.

“उठा भैया,” आपा म्हणाल्या, आणि माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी माझ्या लॅपटॉपवर खटाखट काहीतरी केलं.

“काय करताय आपा?”

“तुमची नोकरी वाचवतेय. आता तुम्ही कितीबी जोरात सेंड दाबा, मेल दहा मिनट आउटबॉक्समधीच बसंल. तोवर जाऊन चहा प्या. चहा पिऊन बी तोच मेल पाठवावा वाटला, तर जाऊ द्या.”

“आन नाय वाटला तर?”

“तर डिलीट मारा आन मला दुवा द्या.”

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“माझ्या पोरीनं. बँकेत हाय ती. डोकं तुमच्याचसारखं, म्हणून तिला शोधावं लागलं. आन एक ध्यानात ठेवा, भैया...”

तेवढ्यात गेटवरून फोन आला, ट्रक लागला होता, आणि मी पळालो. आपा काय ध्यानात ठेवायला सांगत होत्या ते मी ऐकलं नाही. परत येऊन विचारलंही नाही. इतका शहाणा मी.

पण त्या दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या महिन्यात मी सव्वाशे माणसांचा जीव घेतला आणि चहा संपता संपता सगळ्यांचा परत दिला. रंगवाल्याला मी लिहिलं होतं की तुझा रंग लावण्यापेक्षा गंज बरा दिसतो. नवव्या मिनिटाला मेल डिलीट मारला. एचआरच्या बाईंना सुट्टीच्या अर्जावरून तीन पानं लिहिली होती, त्यात त्यांच्या पाच पिढ्या होत्या. आठव्या मिनिटाला मारला. कँटीनवाला म्हणायचा, “साहेब, तुम्ही रागावलात की माझा धंदा वाढतो.” मी त्याला म्हणायचो, तुझा चहा असा की तो पिऊनच माणूस अर्धा मरतो, मेल पाठवायला ताकद कुठून आणणार?

मग ती अकरा पेट्यांची भानगड झाली.

त्या लॉटमध्ये ब्रॅकेटची भोकं एका बाजूला सरकलेली होती. आपांनी अकराच्या अकरा पेट्यांना लाल टॅग लावले, प्रत्येकावर सात मारला, रजिस्टरात नोंद केली. दुसऱ्या दिवशी त्या रजेवर होत्या. दुपारी साहेब स्वतः खाली उतरले, डिस्पॅचला आले, पेट्यांकडं बोट केलं.

“चढव.”

“साहेब, लाल आहे.”

“मला रंग कळतात. गिऱ्हाइकाच्या कारखान्यातली लाइन थांबायला आलीय. टॅग काढ आणि चढव. त्यांच्याशी मी बोलतो.”

“एक मेल टाकता का साहेब? दोन ओळी.”

“तुला मेलचा नाद लागलाय. मी तोंडानं सांगतोय ते कमी पडतंय का?”

आणि मी, ज्याच्या आवाजानं विमानं चक्कर मारतात तो मी, गप्प बसलो. मान खाली घातली, अकरा टॅग काढले, माझ्या ड्रॉवरमध्ये टाकले, आणि पेट्या चढवल्या. आजही तो ट्रक आठवला की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

चार दिवसांत माल परत आला. गिऱ्हाइकानं विचारलं, पेट्यांवर टॅगच नाहीत, हे काय चाललंय? साहेबांनी पुण्याच्या हेड ऑफिसला फोनवर सांगितलं की इन्स्पेक्टरनं माल तपासलाच नव्हता. रजिस्टरातली नोंद? ती नंतर केली असेल. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर आपांपुढं हात पसरला.

“चौकशी होईपर्यंत शिक्का माझ्याकडं द्या.”

आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अ‍ॅप्रनच्या खिशातून शिक्का काढला, कापडानं शाई पुसली, आणि दिला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला, जसा कुणी बसचं जुनं तिकीट टाकतो. निर्णय पुण्यात व्हायचा होता, तीन दिवसांनी, संध्याकाळी पाचला. शिक्का गेला की आपांची रवानगी पॅकिंगला, खोकी चिकटवायला, आणि नोकरीच्या कागदावर कायमचं लिहिलं जाणार की यांनी न तपासता माल सोडला. पुण्याच्या क्वालिटी हेडनं सगळ्यांना कळवलं होतं: कुणाला काही सांगायचं असेल तर त्या दिवशी पाचच्या आत लेखी पाठवा.

टॅग कुणाच्या सांगण्यावरून निघाले हे माहीत असलेली माणसं दोनच. एक साहेब आणि एक मी.

आपांनी मला एकदाच विचारलं. “भैया, लिहिणार ना?”

“आपा, असा लिहितो की पुण्याच्या ऑफिसचे पंखे उलटे फिरतील.”

आणि मी तीन दिवस लिहिलं नाही. बैलांवर अठरा ओळी दोन मिनिटांत लिहिणारा माणूस तीन दिवस कोऱ्या मेलकडं बघत बसला. कारण पेट्या माझ्या हातांनी चढल्या होत्या. साहेबांचा हुकूम तोंडी, माझी सही मात्र लोडिंग स्लिपवर. खरं लिहिलं तर आधी माझीच मान जाणार होती. मी नोकरीचा विचार केला, घराच्या हप्त्यांचा केला, आणि दर तासाला उठून चहा प्यायलो. कँटीनवाला खूश.

शेवटच्या दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी मी तो मेल लिहून पूर्ण केला. एकही बैल नाही, एकही शिवी नाही. टॅग लाल होते. सात नंबरचा शिक्का होता. साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून मी काढले. चूक माझीही आहे. अकराही टॅग माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, या आणि बघा. आयुष्यातला पहिला मेल, जो मला चहा पिऊन डिलीट मारावासा वाटला नसता. सेंड दाबलं. छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण उडून प्रेसशॉपमध्ये गेलं. लॅपटॉप झटकन मिटला, पिशवीत टाकला, आणि स्कूटरला किक मारली. गुलमंडीला बायको भाचीच्या लग्नाच्या साड्या घेत बसली होती आणि तिचे चार फोन येऊन गेले होते.

कपड्याच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलो होतो. समोर साड्यांचा डोंगर. सहा वाजून गेले तेव्हा आपांचा फोन आला.

“भैया, तुम्ही मेल पाठवला व्हता ना?”

“म्हणजे काय आपा! चार चाळीसला! काय झालं?”

फोनमधून चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “साहेब मीटिंगमधी बोलले, डिस्पॅचकडनं काहीच आलं नाय. पुण्यावाल्यांनी बी बघितलं. काहीच नव्हतं. शिक्का गेला माझा.”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला, साड्यांच्या ढिगावर ठेवला, मोबाइलचं नेट जोडलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत आउटबॉक्समधला तो एकटा मेल, जणू काही आत्ताच आठवलं अशा थाटात, सुर्रकन निघून गेला. सहा वाजून बारा मिनिटं.

“आपा,” मी म्हणालो, “मी लॅपटॉप मिटला होता.”

“मिटला?” त्या म्हणाल्या. “अहो, तेच तर सांगत व्हते तुम्हाला त्या दिवशी. दहा मिनट व्हईस्तोवर मिटायचा नाय. मिटला की मेल आतच बसतो.”

मी ओरडलो. कुणावर, ते मला माहीत नाही. लॅपटॉपवर, साहेबांवर, त्या ट्रकवर, जो आपांचं बोलणं चालू असताना गेटला लागला होता. दुकानदारानं हातातलं पाणी सांडलं. समोरच्या दुकानातल्या दोन बाया भाव न करताच उठून गेल्या. बायको म्हणाली, “अहो, लोक बघतायत!” मी म्हणालो, “बघू दे!” पण खरं सांगतो, दहा मिनिटं त्या यंत्राची होती. त्याच्या आधीचे तीन दिवस माझे होते. ओरडून ते झाकले जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“मेल सहा बाराला आला,” साहेब म्हणाले. “निर्णय साडेपाचला झाला. मीटिंग झाल्यावर सुचलं का?”

“लिहिलेला चार चाळीसला आहे!”

“लिहिल्याची वेळ धरत नाहीत रे. निघाल्याची धरतात.”

“मग तुम्ही तोंडानं सांगितलेल्याची वेळ कुठली असते साहेब?” मी असं काही ओरडलो की खाली चार प्रेस मशिनं थांबली. ऑपरेटर म्हणतात चहाची सुट्टी होती. मी म्हणतो नव्हती.

मग मी माझ्या ड्रॉवरमधले अकरा टॅग घेऊन आलो, साहेबांसमोरच मोबाइलवर त्यांचे फोटो काढले, एकेक, सात नंबर दिसेल असे, आणि पुण्याला पाठवले. मोबाइलवर ती दहा मिनिटांची भानगड नाही. सुटला तो सुटला.

पुण्याहून दोन माणसं आली. त्यांनी माझा ड्रॉवर उघडला, टॅग मोजले, लोडिंग स्लिप बघितली, रजिस्टर बघितलं. आपा तोपर्यंत पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत होत्या, चिकटवलेल्या प्रत्येक खोक्याचा कोपरा तपासत होत्या. मला दुसरं ताकीदपत्र मिळालं, आणि ते मिळायलाच पाहिजे होतं. वरून साहेबांना हुकूम आला की शिक्का परत द्या.

साहेब पॅकिंगमध्ये आले. हातात शिक्का.

“घ्या. उद्यापासून तपासणीत या. झालं गेलं सोडा.”

आपांनी शिक्क्याकडं बघितलंही नाही. चष्मा काढला आणि खोक्यावर ठेवला.

“काय झालं व्हतं ते मेलवर लिहा साहेब. मग घेते.”

“अहो, मी सांगतोय ना?”

“मागल्या वेळी बी तुम्ही सांगितलंच व्हतं,” आपा म्हणाल्या. “लेखी द्या. दोन ओळी.”

साहेब शिक्का घेऊन परत गेले. याला आता दीड महिना झाला. सात नंबर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, आपा पॅकिंगमध्ये आहेत, आणि गिऱ्हाइकाची माणसं आता प्रत्येक पेटी उघडून बघतात आणि मला फोन करून विचारतात, सात कुठं गेला. मी त्यांना साहेबांचा नंबर देतो.

माझा दहा मिनिटांचा नियम मी काढायला निघालो होतो. आपांनीच काढू दिला नाही. “तुमच्याकडं दुसरा इलाज नाय,” म्हणाल्या. तेव्हा तो आहे. फक्त आता मेल निघेपर्यंत मी लॅपटॉप उघडाच ठेवतो आणि चहा टेबलावर मागवतो. आणि रोज संध्याकाळी घरी जाताना साहेबांच्या केबिनच्या दारात थांबून, चिकलठाण्याच्या विमानांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, “साहेब, त्या दोन ओळी निघाल्या का?”