आळशी वायूची कॉफी

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभा जन्म नवी पेठेत सोडा विकला. कापडाच्या दोन दुकानांमध्ये एक बोळ आहे, त्याच्या तोंडावर आमचं दुकान. दुकान म्हणजे तरी काय, पुढे एक फळी, मागे गॅसचं नळकांडं, बर्फाची पेटी आणि गोटीच्या बाटल्या. लग्नाचा बस्ता बांधून घामाघूम झालेली माणसं फळीशी येऊन उभी राहायची. अण्णा अंगठ्यानं गोटी आत दाबायचे, बाटली हातात द्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघत राहायचे. पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं की सोडा बरोबर. नाही आलं तर ती बाटली परत घेऊन दुसरी फोडायचे. "टोचला न्हाय तर त्यो सोडा कसला, पानीच की," म्हणायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे मला आई-अण्णांची आणि त्यांना माझी बोलणी ऐकण्याची कायमची सोय झाली. माझी जीभ तिखट आहे असं आई म्हणते. अण्णा म्हणतात, सोड्याच्या घरात दुसरं काय निपजणार.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. तंबाखूची करणी, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, मला वेगळं बोलावं लागत नाही. ऑपरेशन टळलं, रेडिएशनवर भागलं. आमच्या गल्लीत त्याला शेक म्हणतात. ऐकायला किती घरगुती वाटतं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून धरावी तसं. शेक संपला, गाठ गेली, डॉक्टरांनी अण्णांची पाठ थोपटली. घरी आल्यावर कळलं की खरी पंचाईत पुढेच होती. लाळ आटली होती, चव गेली होती आणि तोंडात घातलेलं सगळं झोंबत होतं. ताक झोंबायचं, चहा झोंबायचा, वरणातली हळदसुद्धा झोंबायची. तोंडातली सालं निघालेली जागा हळूहळू भरत आली, तरी झोंबणं काही थांबेना.

आई वाटी घेऊन मागे लागायची. पेज, नाचणीचं सत्त्व, दवाखान्यातून आणलेली ताकदीची पावडर घातलेलं दूध. अण्णा दोन चमचे घ्यायचे आणि वाटी सरकवायचे. "तोंडात गेलं का न्हाय तेच कळत न्हाय. भिताड चाटल्यागत हाय," म्हणायचे. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटून उभी राहायला लागली. पट्ट्याला आईनं सुरीच्या टोकानं नवं भोक पाडलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वजनाचा काटा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काका, पुढच्या महिन्यात या. वजन आणखी उतरलं असेल तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही." घरी आल्यावर अण्णा चप्पल काढता काढता आईला म्हणाले, "मी नळी घालून घेनार न्हाय. आदीच सांगून ठेवतो."

"मग जेवा की," मी म्हणाले.

"जेवतोच हाय की."

"ह्याला जेवण म्हणतात? चिमणी याच्यापेक्षा जास्त खाते."

आई मला गप्प बस म्हणाली. मी गप्प बसले, पण राग गेला नाही. तो राग नव्हताच म्हणा. मला भीती वाटत होती. माणूस एकदा हट्टाला पेटला की नळी नको म्हणून काय काय करून बसेल, हे अण्णांच्या बाबतीत मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी मला दुकानातून एक बाटली आणायला सांगितली. दुकान बंदच होतं, पण भरलेल्या थोड्या बाटल्या पेटीत होत्या. मी आणली. त्यांनी स्वतः गोटी दाबली, एक लहानसा घोट घेतला आणि हाताच्या तळव्यानं गाल दाबून धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग बाटली माझ्या हातात देत म्हणाले, "सोडा बरोबर हाय." मी ती बाटली मोरीत ओतली आणि नळ मोठा सोडून उगाच भांडी घासत बसले.

यानंतर चार दिवसांनी आमच्या शाळेतल्या एक बाई निवृत्त झाल्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना होटगी रोडवरच्या एका नव्या कॅफेत नेलं. तिथे भिंतीत पितळी नळ बसवलाय आणि त्यातून थंड कॉफी येते. नायट्रोजन घातलेली आहे म्हणे. मी मनात म्हटलं, आता हेच राहिलं होतं. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी सांगते की नायट्रोजन हा वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासारखा, हजेरी सगळ्यांत जास्त आणि काम शून्य. हवेत सगळ्यांत जास्त हाच आणि कुणाशी चटकन संयोग पावेल तर शपथ. असला आळशी वायू कॉफीत घालून करणार काय?

पेला समोर आला. वर जाडसर फेस, खाली काळी कॉफी. फेस बघून माझी जीभ सवयीनं टोचून घ्यायला तयार झाली, सोडेवाल्याची मुलगी शेवटी. टोचलंच नाही. घोट जिभेवरून सायीसारखा सरकत गेला आणि मागे काही न बोलता उतरला. दुधाचा थेंब नव्हता, तरी दाट लागत होतं. मी पेला खाली ठेवला. सोड्यातला वायू पाण्यात विरघळून किंचित आम्ल तयार करतो, ते जिभेला चावतं. हे मी फळ्यावर इतकी वर्षं लिहीत आलेय. हा आळशी वायू आम्लबिम्ल काही करत नाही, नुसता बारीक बारीक फेस होऊन राहतो. निरोपाची भाषणं चालू होती आणि मी एकटी अण्णांच्या तोंडाचा विचार करत होते.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थंड आहे, थोडी पिऊ द्या, हरकत नाही. आईची हरकत होती. "काळी कॉफी? त्यातनं अंगाला काय लागणार? त्यापेक्षा वाटीभर पेज पोटात गेली तर देव पावला." तिचं बरोबर होतं. तरी रविवारी सकाळी मी अण्णांना रिक्षात घातलं.

सकाळची गर्दी नव्हती. कॅफे चालवणारी मुलगी तिशीच्या आतली, पुण्यातली नोकरी सोडून आलेली. फोनवर घरच्यांशी तेलुगूत बोलत होती, आम्हाला बघून फोन ठेवला. अण्णांनी मेन्यूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट नळापाशी गेले आणि काउंटरखालच्या नळकांड्याकडे वाकून बघायला लागले.

"परेशर किती ठेवता?" त्यांनी विचारलं.

मुलीनं सांगितलं. अण्णांनी तो आकडा मनात घोळवला. "आमच्यापरीस कमी हाय. आन् गॅस कंचा?"

"नायट्रोजन, काका."

अण्णा माझ्याकडे वळले. "ह्यो काय करतो?"

"काहीच करत नाही," मी म्हटलं.

"मग पैसं कशाचं घेतात?"

मुलगी हसली आणि तिनं नळ ओढला. पेल्यात तपकिरी ढग उतरला आणि अण्णा पुढे झुकले. पेल्याच्या काचेलगत फेसाचे धागे खाली खाली जात होते. जन्मभर त्यांनी बुडबुडा वर जाताना पाहिला होता. त्यांनी पेला उचलून उजेडात धरला, चष्मा कपाळावर घेतला, परत डोळ्यांवर आणला. "खाली जातोय की ह्यो," ते म्हणाले. मी सांगितलं, मधून फेस वर चढतो आणि कडेनं कॉफी त्याला खाली ओढते, म्हणून तसं दिसतं. त्यांचा विश्वास बसला नाही. "परत सोड बघू," त्यांनी मुलीला सांगितलं. तिनं दुसऱ्या पेल्यात परत सोडली. असा त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. आजारी माणूस कुठेतरी मागे राहिला होता आणि सोडेवाला पुढे आला होता.

मग ते प्याले. आधी ओठ बुडवला, गाल आखडला, झोंबण्याची वाट बघितली. परत एक घोट घेतला, मोठा. मी त्यांच्या घशाकडे बघत होते, तिथला कंठमणी वरखाली झाला.

"झोंबतंय का?"

"न्हाय."

"चव?"

"चव न्हाय कळत. पर तोंडात काय तरी आलंय ते कळतंय." जीभ टाळूला लावून ते जरा शोधत राहिले. "मऊ हाय. तान्ह्या पोराच्या गालागत."

त्यांनी अर्धा पेला संपवला. मला खूप आनंद झाला आणि लगेच आईचं म्हणणं आठवलं की यातून अंगाला काय लागणार. वजनाच्या काट्याला फेस दिसत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं, थोडं कुरकुरतच. मुलगी पेला पुसत ऐकत होती. अण्णा नळाकडे बघत होते.

"ह्या नळातनं दूध येत न्हाय व्हय?" ते म्हणाले.

मुलगी म्हणाली, या नळातून नाही, पण तिच्याकडे एक लहान टाकी होती, घरगुती पार्टीसाठी भाड्यानं द्यायची. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातल्या पावडरीचा डबा आणि तापवून गार केलेलं दूध घेऊन गेले. तिनं त्यात थोडी कॉफी घातली, टाकी बंद केली, गॅस भरला, हलवली. अण्णा शेजारी उभं राहून तिला हलवायचं कसं ते दाखवत होते, मनगट मोडू नको, खांद्यापासून हलव म्हणून. पहिल्यांदा नुसतंच पाणचट निघालं. दुसऱ्यांदा घट्ट, वर बोटभर फेस. तेच दूध जे घरी दोन चमच्यांवर थांबायचं, ते अण्णांनी अख्खं पेलाभर घेतलं. मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. तिनं फक्त विचारलं, उद्यासाठी दूध जास्तीचं घेऊन ठेवू का.

मग तो नेमच झाला. शाळेत जायच्या आधी मी त्यांना तिथे सोडायची. मुलगी दुकान उघडायची, झाडलोट करायची, आणि अण्णा कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून पेला हळूहळू संपवायचे. पुढे तिनं ती टाकीच आम्हाला दुपारसाठी घरी नेऊ दिली. आईसुद्धा ती हलवायला शिकली, देवाचं नाव घेत का होईना. घशाला गिळायची सवय लागली तशी पेजही जायला लागली, मग मऊ भात. महिन्यानं काट्यावर उभे राहिले तेव्हा वजन होतं तेवढंच होतं. डॉक्टर म्हणाले, नळीचं आत्ता बघायला नको. अण्णांनी काट्यावरूनच विचारलं, "आत्ता म्हंजे?" डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर कधीच नको. चवीचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. काहींची येते, काहींची अर्धवट येते, काहींची येत नाही.

मी त्यावर समाधान मानायला शिकले होते. माणूस खातोय, पितोय, स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना सोड्याच्या गोष्टी सांगतोय. चव नसली तर नसली.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी मी त्यांच्याबरोबर थांबले होते, शाळेला सुट्टी होती. मुलीनं नेहमीसारखा पेला भरून समोर ठेवला. अण्णांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं, परत झोंबायला लागलं. त्यांनी पेला डोळ्यांसमोर धरला, वास घेतला, आणखी एक घोट घेतला.

"आज काय घातलंस ह्यात?" त्यांनी मुलीला विचारलं.

"रोजचंच आहे, काका."

"न्हाय की. कडू लागतंय."

मुलगी गोंधळली. कॉफी जास्त पडली असेल म्हणाली, दुसरी करून देते म्हणाली. तिनं पेल्याला हात घातला तेव्हा अण्णांनी तो सोडला नाही. मी कसंबसं विचारलं, "अण्णा, कडू म्हणजे कसं?"

"कडू म्हंजे कडू. कारल्यागत न्हाय, करपलेल्या शेंगदान्यागत." ते परत प्याले, जीभ ओठांवरून फिरवली. "आन् मागनं गोड येतंय. ती पावडर लई घान हाय ग. येवढे दिस हेच पीत हुतो व्हय मी?"

मुलीला आता कळलं. ती काउंटरच्या मागून बाहेर आली आणि नुसतीच आमच्याजवळ उभी राहिली. मला रडू फुटलं, आणि अण्णा वैतागून म्हणाले, "रडतीस कशाला, साखर आन की."