बुटातली किल्ली

सासऱ्यांच्या नडगीवरच्या जखमेचं ड्रेसिंग करायला मी त्यांना दर मंगळवारी कोथरूडच्या दवाखान्यात न्यायची. तिथे एक गृहस्थ नेहमी आमच्या शेजारी बसत. मुलगा कॅलिफोर्नियात, हे एकटेच. मुलाच्या कंपनीच्या बॅगेत त्यांचं गॉज, पट्ट्या, तळवा बघायचा आरसा, सगळं आपापल्या कप्प्यात असे. सासऱ्यांसारखीच मधुमेहाने त्यांच्या पायांची जाणीव गेली होती; बुटात खडा असला तरी कळत नसे. डाव्याला आणखी जखम झाली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"रोज बूट तपासायचं लक्षात राहतं?" मी विचारलं.

"न राहून चालेल कसं? घराची किल्ली रात्री डाव्या बुटातच ठेवतो. कुलूप लावायचं तर आधी बुटात हात घालावाच लागतो."

मला पटलं. आमचीही एक किल्ली मी सासऱ्यांच्या बुटात ठेवू लागले.

एका मंगळवारी ते सुट्टीवर आलेल्या मुलाबरोबर आले. मुलगा गाडी लावायला गेला आणि हे खुशीत गप्पा मारत बसले. बोलता बोलता त्यांच्या पांढऱ्या मोज्यावर बुटातून लाल रंग वर चढत होता.

"अहो, मोजा बघा."

त्यांनी दुसऱ्या कोणाच्या पायाकडे पाहावं तसं खाली पाहिलं. बूट काढून उलटा केला. किल्ली फरशीवर पडली.

"आज कुलूप मुलानं लावलं, त्याच्या किल्लीनं," ते शांतपणे म्हणाले.

आमचं कुलूप आज मी घाईत पर्समधल्या किल्लीनं लावलं होतं. मी खाली वाकले आणि सासऱ्यांच्या बुटाची नाडी सोडू लागले.