पुजाचं नाव काढायचं नाही

शंकरसिंग म्हणजे डोंगरकड्याजवळच्या तांड्यातला मोठा शहाणा माणूस. कुणाच्या घरात काही बिघडलं की न बोलावता दुरुस्त करायला हजर. १९९८ साली त्याची लेक पुजा तापानं गेली, तेव्हा त्यानं स्वतःच्या घराचीही अशीच दुरुस्ती केली. बायकोला, जिवनबाईला, त्रास नको म्हणून पोरीचे कपडे वाटून टाकले आणि तांड्याला बजावलं, पुजाचं नाव कुणी काढायचं नाही.

तांड्यातल्या बाया दुःखात भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. रडता रडता गेलेल्या माणसाशी बोलतात, त्याचं सगळं सांगतात. जिवनबाईची बहीण रुख्मिणीबाई त्यासाठीच आली होती. शंकरसिंगनं तिला तांड्याबाहेरच चहा पाजला आणि परत एसटीत बसवलं. बिचारा मनापासून वागत होता, हेच तर वाईट.

दोनेक वर्षांत जिवनबाई मुकीच झाली. भाजी करपली तरी चुलीपुढं नुसती बसून राही. शेवटी तो तिला वसमतला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "बाई, लेकीबद्दल काहीतरी सांगा."

"ते समदं इसरायला लावलंय, साहेब," शंकरसिंगच मध्ये बोलला.

जिवनबाई हळूच म्हणाली, "व्हय. मला तिचं तोंडच आठवत न्हाई. मी कसली माय?"

शंकरसिंगनं गोळ्या सुरू केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मेहुणीच्या गावी जाऊन, मान खाली घालून, तिला घेऊन आला.

रुख्मिणीबाईनं बहिणीच्या गळ्यात हात टाकून सूर लावला. "जवळा बाजार गावी लाल बांगड्यांसाठी रुसली होतीस गं पुजा..."

जिवनबाई पुटपुटली, "लाल न्हाई. हिरव्या." आणि तिचा बांध फुटला. बांगड्या चढताना पोरगी कशी ओरडली, पुढचे दात पडले म्हणून तोंडावर हात धरून कशी हसायची, सगळं सुरात बाहेर येऊ लागलं.

"दाजी, तुमीबी बोला," रुख्मिणीबाई दारात उभ्या शंकरसिंगला म्हणाली.

तो खाली बसला. ताप आठवला, दवाखाना आठवला, पुरताना टाकलेली माती आठवली. पोरीचं तोंड काही केल्या डोळ्यांपुढं येईना. एवढा बाप्या माणूस, पार घाबरून गेला.

"जिवन, मला दिसत न्हाई गं ती."

जिवनबाईनं डोळे पुसले आणि त्याचा हात धरला.

"मी सांगते," ती म्हणाली. "कान तुमच्यावाणी होते तिचे."